अडईचं खोकं

पंप चालू असला की माझं डोकं ठणकायचं, आणि बंद झाला की जीव घाबरा व्हायचा. पिंपरीतले माझे पहिले महिने असे गेले. पन्नास सालानंतरची ती मधली वर्षं. रेल्वेच्या रुळांपलीकडे एक नवा कारखाना उभा राहत होता. त्याच्या बांधकामाला पवनेचं पाणी लागायचं, आणि ते पाणी वर चढवणाऱ्या डिझेलच्या पंपावर आमच्या यांची नेमणूक झाली होती. पंपघर नदीकाठी, गावापासून बरंच लांब. त्याला लागून पत्र्याची एक खोली होती, तीच आमचं घर.

मी वाईकडची. माहेरी रोज पंगत बसल्यासारखी ताटं मांडायची सवय, सासरीही तसंच. इथे दोन ताटं, आणि त्यातलंही एक कधी वेळेवर रिकामं व्हायचं नाही, कारण हे हातातला घास टाकून पंपाकडे धावायचे. नोकरी तात्पुरती होती. पावसाळा सरला की कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. म्हणून मी ट्रंकेतलं सामान काढलंच नव्हतं. दोन लुगडी बाहेर, बाकी सगळं आत. अंगण झाडायचं, पुन्हा झाडायचं, नदीवर जाऊन यायचं, दारात उभं राहायचं, की परत झाडू हातात. बसून काही करायला घेतलं तर पाच मिनिटांत उठावंसं वाटायचं. कशासाठी, ते कळायचं नाही.

पंपघराच्या जरा वरच्या अंगाला एक ओढा नदीला मिळायचा. तिथे पाणी आत वळून संथ झालेलं होतं, कडेने लव्हाळं माजलेलं. काठावर एक जुनं जांभळाचं झाड होतं. ते मी आले त्याच वैशाखात पाडलं. पाण्याचा मोठा नळ तिथून जायचा होता. दोन दिवस करवत चालली, तिसऱ्या दिवशी झाड आडवं झालं आणि बैलगाड्यांत भरून गेलं. खोडाच्या आत मोठी ढोली होती, माणूस डोकं घालून बघेल एवढी. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. उलट खोलीत उजेड जास्त यायला लागला म्हणून बरंच वाटलं.

ज्येष्ठात एका संध्याकाळी पाखरांची एक जोडी आली. बदकासारखी, पण सडपातळ, मान लांब, रंग तांबूस तपकिरी. उडताना शीळ घालायची, बारीक, दोन तुकड्यांची. जिथे जांभूळ होतं त्या जागेवरून त्यांनी चक्कर मारली. लांब गेली, परत आली, पुन्हा चक्कर. बुंध्यावर उतरली, इकडेतिकडे मान केली, पुन्हा उडाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. मला ती शीळ सहन होईना. हे जेवायला बसले की मी विचारायची, "ऐकलंत? पुन्हा आलीयत."

"पाखरं आहेत, येणारच," हे म्हणायचे.

पलीकडच्या वाडीतली एक बाई म्हशी घेऊन पाण्यावर यायची. मला ती 'पंपावरची बाई' म्हणायची. तिला मी विचारलं.

"अडई हाय ती," ती म्हणाली. "दर साली त्या जांभळाच्या ढोलीत अंडी घालायची. आता ढोलीबी न्हाई नि झाडबी न्हाई. फिरत्याल चार दीस आन् जात्याल."

म्हशीच्या पाठीवर थाप मारून ती गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला. मी मात्र त्या रात्री यांचा पिच्छा पुरवला. हे स्वभावाने शांत, हाताने काही करायला मिळालं तर त्यांना आवडायचं, पण आधी नाही म्हणायची सवय. "बदकासाठी खोकं? लोक हसतील," म्हणाले. मी म्हटलं, "इथे हसायला आहे कोण?" ते त्यांना पटलं असावं. यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या देवदारी फळ्या पंपघरामागे पडलेल्या होत्या. कारखान्याच्या साहेबांना विचारून त्यातल्या फळ्या घेतल्या, आणि रविवारी यांनी एक उभट खोकं ठोकलं, पुढून भोक ठेवून. किती मोठं भोक ठेवायचं यावर आमचा वाद झाला. शेवटी मी माझी मूठ आत घातली आणि म्हटलं, याहून थोडं मोठं. आत रंधा मारताना निघालेला भुसा अंथरला. ओढ्याच्या तोंडाशी एक उंबर पाण्यावर झुकलेला होता, त्याला ते खोकं बांधलं.

आषाढ लागता लागता अडई त्यात शिरली.

मी दोन दिवस कुणाशी बोलले नसेन इतकी त्या खोक्याकडे बघत होते. पाखरं फिरायला गेली की शिडी लावून वर जायची. पांढरी अंडी, जरा पिवळसर झाक असलेली, रोज एखादं वाढलेलं. हात लावायची नाही. नुसती बघून खाली यायची. यांना सांगायची. हे मान हलवायचे, पण एकदा मी पंपघरात डबा घेऊन गेले तर त्यांनीच आधी विचारलं, "आज किती झाली?"

मग एका सकाळी मी वर चढले आणि खोक्यात फक्त टरफलं होती. चिकट भुसा, टरफलं, आणि फळीवर नखांचे लांब ओरखडे. मी शिडीवरून उतरले ती तशीच खाली बसले. पाण्याकडेच्या खडकावर एक घोरपड ऊन खात पडलेली होती, पोट फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी दगड मारले. ती सावकाश पाण्यात उतरली.

म्हशीवाल्या बाईला मी सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "आमचा धाकला दीर धरील की तिला. कालवण बी व्हईल, आन् चरबी गुडघ्याला चांगली."

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, "एक धरलीस की दुसरी येईल. मुंगूस येईल, मांजर येईल. झाडावर चढता येतंय तोवर कुणीही चढेल. प्राणी धरून काय होणार? चढता येणार नाही असं काहीतरी करायला हवं."

ते पहिल्यांदाच 'करायला हवं' म्हणाले होते. मी गप्प राहिले, न जाणो परत मागे घेतील.

दुसऱ्या दिवशी यांनी घासलेटचे रिकामे डबे कापून सरळ केले आणि उंबराच्या बुंध्याला पत्रा गुंडाळला. गुळगुळीत पत्र्यावर घोरपडीची नखं धरत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. ती आली, हातभर चढली, घसरून पडली, पुन्हा चढली. मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन. पण अडई परत खोक्यात आली तोवर कावळे आले. ते खोक्यावर बसून भोकात मान घालायचे. यांनी भोकाला पुढे फळ्यांची बोळकांडी केली, की कावळ्याची चोच आत पोचू नये. मग एक फांदी शेजारच्या करंजाला टेकत होती, तिच्यावरून धामण आली. ती मी बघितली तेव्हा तिचं अर्धं अंग खोक्यात होतं. आत एकच अंडं होतं, ते गेलं. अडयांनी दोन दिवस शिळा घालून आकाश डोक्यावर घेतलं.

यांनी करंजाची फांदी तोडली. मी म्हटलं, "आता काय कराल? सगळी झाडं तोडाल?"

या सगळ्यात एक बाई आमच्याकडे येऊ लागली होती. फाळणीनंतर सिंधी मंडळी पिंपरीच्या कॅम्पात येऊन राहिली होती. त्यातली ही, पन्नाशीच्या पुढची, डोक्यावर पापडांची टोपली घेऊन गावोगाव फिरायची. कधी आळंदी, कधी मोशी, कधी नदीपलीकडच्या वाड्या. मी तिला अम्मा म्हणायची. ती पाणी मागायची आणि उभ्या उभ्याच प्यायची. बस म्हटलं तर म्हणायची, "बसले तर पाय दुखतो. चालले तर नाही." तिचं मराठी ती रस्त्यावर शिकलेली होती.

त्या दिवशी हे पंपाचं ग्रीस एका लोखंडी पाइपला चोपडत होते. नळाच्या कामातून उरलेला एक पाइप साहेबांनी दिला होता. यांचा विचार असा की झाड नकोच, पाइप पाण्यात रोवायचा, वर खोकं, आणि पाइपला ग्रीस, म्हणजे साप चढणार नाही. अम्माने टोपली खाली ठेवली आणि यांचा हातच धरला.

"तेल नको, बेटा. पंखाला तेल लागलं की पाणी आत जातं. मग पाखरू डुबतं."

"तुम्हाला कसं माहीत?" यांनी विचारलं.

"आमच्या गावाजवळ तळं होतं. मोठं, पलीकडचा काठ दिसत नाही असं. बापाचं दुकान होतं. शिकारी लोक धान्य घ्यायचे, बदकं द्यायचे. एकदा घासलेटचा पिंप पाण्यात सांडला. दुसऱ्या दिवशी बदकं हाताने उचलली आम्ही, पोरांनी. उडत नव्हती."

यांनी चिंधी घेतली आणि पाइप पुसून काढला. ग्रीस नाही तर काय, यावर ते संध्याकाळपर्यंत बसून होते. मी रॉकेल ओतायचं नरसाळं घासून पालथं ठेवलं होतं, त्याकडे त्यांचं लक्ष गेलं. उचललं, पाइपवर उलटं धरून बघितलं. दुसऱ्या दिवशी पत्र्याचं एक भलंमोठं नरसाळं तयार झालं. तोंड खाली, निमुळता भाग वर, पाइप मधून गेलेला. खालून चढणारं काहीही त्या पत्र्याच्या आत जाऊन अडणार. श्रावणातली उघडीप होती, ओढ्याचं पाणी छातीएवढंच होतं. हे आणि पंपावरचे दोन मदतनीस खलाशी पाण्यात उतरले आणि पाइप ठोकून रोवला. पंपाच्या दगडी चौथऱ्यापासून जरा पुढे, म्हणजे लक्ष ठेवता येईल अशा बेताने. मी चौथऱ्यावरून "वाकडा झालाय, वाकडा झालाय" ओरडत होते. खलाशी हसत होते.

अडयांनी आठ दिवस त्या खोक्याकडे बघितलंही नाही. मी सकाळी उठले की आधी तिकडे. चूल पेटवताना तिकडे. हे म्हणाले, "तू अशी टक लावून बसलीस तर ती कशी येतील?" म्हणून मी दाराला पडदा लावला आणि पडद्याच्या फटीतून बघायला लागले. एक दिवस मादी आत शिरली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अंडी मोजायला या वेळी जाता येत नव्हतं, पाण्यात उतरावं लागलं असतं. ते बरंच झालं. पण न दिसणाऱ्या अंड्यांनी मला आणखीच छळलं. घोरपड पाइपपर्यंत पोहत गेली, चढली, नरसाळ्यात डोकं आपटून खाली पडली. दोनदा, तीनदा. मुंगूस काठावरून बघून परत गेलं. मला आता शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रात्री मी उठून दार उघडायची, अंधारात काही दिसायचं नाही, पुन्हा लावून घ्यायची.

भाद्रपदात गौरी जेवल्या त्याच्या पुढेमागे पाऊस लागला. आमच्याकडे तेवढा नव्हता, पण वर मावळात कोसळत असावा, कारण पवना दोन दिवसांत तांबडी झाली आणि फुगू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पंपघराच्या पायऱ्यांना लागलं. अम्मा पापड घेऊन आली होती ती आमच्याकडेच अडकली, कारण कॅम्पाकडे जायच्या वाटेवरचा ओहोळ भरून वाहायला लागला होता.

पंपघरात गडबड उडाली. कारखान्याकडून माणसं आली, कप्पी आणि साखळ्या आल्या. इंजिन उचलून वरच्या ओट्यावर घ्यायचं होतं. हे कमरेपर्यंत चिखलात. मी धावत गेले आणि म्हटलं, "अहो, पाणी नरसाळ्याला लागायला आलंय."

"इंजिन बुडालं तर आपणही इथून गेलो," हे साखळी न सोडता म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "खोक्याकडे तू बघ."

तोवर मला वाटत होतं, पाणी चढलं तर खोकं बुडेल. चौथऱ्यावर येऊन उभी राहिले तेव्हा दिसलं की संकट वेगळंच आहे. खोकं पाण्याच्या बरंच वर होतं. पण नरसाळ्याची खालची कड पाण्यात गेली होती. म्हणजे आता चढायचं कारणच उरलं नव्हतं. जे पोहत येईल ते सरळ पत्र्याच्या वर जाणार. आणि पुरात सगळंच पोहत होतं. उंदीर, विंचू, कडब्याच्या पेंढ्यांवर बसलेले सरडे. ओढ्याच्या तोंडाशी नदीचं पाणी उलटं आत घुसून गोल फिरत होतं, त्यामुळे वाहून आलेलं सगळं तिथेच भिरभिरत राहायचं. त्या सगळ्यात उभी चढण अशी ती एकच होती.

आंबे उतरवायची लांब आकडी पंपघराच्या वळचणीला होती. ती मी घेतली. चौथऱ्याच्या टोकावर उभं राहिलं की खोक्यापर्यंत पुरत होती, जेमतेम. अम्माने ओढणी कमरेला खोचली, माझ्या मागे पाय रोवले आणि माझ्या कमरेचं लुगडं दोन्ही हातांनी पकडलं. "तू बघ. मी धरते," म्हणाली.

आधी मुंग्यांचा एक गोळा आला, नारळाएवढा, लाल, पाण्यावर तरंगणारा. त्याला लांब ढकलला. मग कडब्याची पेंढी, तिच्यावर दोन उंदीर. तीही ढकलली. मग बराच वेळ काही नाही, नुसतं पाणी. पाऊस बारीक पडत होता. खोक्यातून मादीचं डोकं एकदा दिसलं आणि आत गेलं. नर वरून घिरट्या घालत शीळ घालत होता, थांबतच नव्हता.

"हिला भीती नाही वाटत?" मी म्हटलं.

"वाटते. पण उठत नाही."

मग धामण आली. डोकं पाण्यावर, अंग मागे वळवळत. मी आकडी मारली, ती वळसा घालून पलीकडून आली. पुन्हा मारली, आकडी पाण्यावर आपटली आणि माझा तोल गेला. अम्माने ओढलं नसतं तर मी पाण्यात होते. तेवढ्यात साप पत्र्यावर चढला. ओल्या पत्र्यावरून घसरत, सावरत त्याने पाइपला वेटोळं घातलं आणि मान वर केली. बोळकांडीच्या तोंडापाशी. आतून फुसकारल्यासारखा आवाज आला, सापाचा नाही, अडईचा.

आकडी लागतच नव्हती. अम्मा मागून म्हणत होती, "घाई नको. घाई नको. वेटोळ्यात घाल." मी आकडीचं टोक वेटोळ्यात अडकवलं आणि सगळ्या अंगाने ओढलं. साप सुटला, आकडीवरच लोंबकळत आला. मी किंचाळून सगळं पाण्यात टाकलं. आकडीसकट.

आकडी वाहून जायला लागली. अम्मा चौथऱ्यावर पालथी पडली, हात लांबवला आणि तिचं टोक पकडलं. उठली तेव्हा तिची पांढरी सलवार चिखलाने तांबडी झाली होती. ती हसायला लागली. मी रडत होते.

"आता मी," म्हणत तिने आकडी माझ्याकडे दिलीच नाही.

दुपारभर आम्ही आलटून पालटून उभ्या होतो. साप पुन्हा आला की तो दुसरा होता, माहीत नाही, पण या वेळी लांबूनच वळवला. मधल्या वेळात अम्मा बोलत होती. त्या तळ्यावरचे शिकारी डोक्यावर पेंढा भरलेला बगळा बांधून पाण्यात शिरायचे म्हणे, नाकापर्यंत बुडून, आणि बदकांचे पाय खालून ओढायचे. तिची आई बदकं लाल मिरचीत शिजवायची. "इतकी खाल्ली मी, बेटी," ती म्हणाली, "इतकी खाल्ली, की आज एक वाचवली तर कुणाला कळणार पण नाही."

"तुम्हाला परत जावंसं वाटतं?" मी विचारलं.

तिने आकडीने एक ओंडका ढकलला. तो फिरून परत आला, तिने पुन्हा ढकलला. "कुठे जाणार? दुकानात आता दुसरा बसतो. तो चांगला पण असेल." मग म्हणाली, "तळं बघावंसं वाटतं. माणसं नाही."

दिवस मावळायच्या सुमारास पाणी थांबलं. पंपघरातून आरडाओरडा ऐकू आला. इंजिन वर गेलं होतं. हे तसेच चिखलाने माखलेले धावत आले. पहिला प्रश्न, "आहे?"

"आहे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

अंधार पडायच्या आत नरसाळ्याची कड पाण्याबाहेर आली. अम्मा त्या रात्री आमच्याकडे राहिली. तिला चटई दिली, पण पहाटे बघते तर ती दारात उभी राहून पाण्याकडे बघत होती.

पितृपक्षात एका सकाळी पंपाचा आवाज एकाएकी थांबला. मला वाटलं बिघडला. बाहेर आले तर हे चौथऱ्यावर उभे, हाताने मला बोलावत. त्यांनी मुद्दाम बंद केला होता. मादी खोक्याखाली पाण्यावर बसून बारीक आवाजात बोलावत होती. बोळकांडीच्या तोंडाशी एक पिल्लू आलं, काळंपांढरं, चिंचोक्याएवढ्या डोळ्यांचं. त्याने खाली बघितलं आणि उडी टाकली. ते पडलं नरसाळ्यावर, पत्र्यावरून घसरलं आणि पाण्यात डुबकन गेलं. लगेच वर आलं. मग दुसरं. मग तिसरं. सगळी तशीच घसरत गेली. यांना हसू आवरेना. साप अडवायला केलेला पत्रा पोरांची घसरगुंडी झाला होता. आठ होती की नऊ, आम्हा दोघांचा आकडा कधी जुळला नाही.

सगळी गेली असं वाटलं तरी आत चिवचिव चालू होती. मादी जराशी पुढे जायची, मागे यायची, बोलावायची. पुढे जायची, मागे यायची. माझा जीव टांगणीला. हे कपड्यांसकट पाण्यात उतरले, छातीएवढ्या पाण्यातून गेले आणि पाइपला हलके हलके थापट्या मारत राहिले. शेवटचं पिल्लू तोंडाशी आलं, त्याने यांच्याकडे बघितलं आणि ते त्यांच्या खांद्यावर आपटून पाण्यात पडलं.

मग ती रांग निघाली. पुढे मादी, मागे नर, मधे पिल्लं, लव्हाळ्याच्या कडेने खालच्या अंगाला. मी काठाने त्यांच्याबरोबर चालायला लागले. वर एक घार फिरत होती. मी पदर हलवून ओरडले, दगड भिरकावले. घार खाली आली, मादीने पाण्यावर पंख आपटले, पिल्लं लव्हाळ्यात घुसली. घार वर गेली तेव्हा तिच्या पायात काही होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. रांग पुन्हा निघाली. मी पुन्हा मागे. धुण्याचे दगड गेले, म्हशींचा उतार गेला. म्हशीवाल्या बाईने हाक मारली, "कुठं निघालीस गं अनवाणी?" मी थांबले नाही. मग कुणाच्या तरी मळ्याचं बाभळीचं कुंपण थेट पाण्यापर्यंत आलेलं होतं. तिथे पुढे जाता येईना. अडया वळणाआड गेल्या.

परत आले तेव्हा पंप सुरू झालेला होता. हे ओल्या कपड्यांतच दारात होते.

"गेली?"

"गेली."

"मग आता जरा टेक की. पोटऱ्या बघ कशा ओरबाडल्यात."

"टेकवत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. एवढे दिवस ज्याची काळजी केली ते सुखरूप पाण्यावर गेलं होतं, आणि माझे हात रिकामे झाले होते. खोक्याकडे बघायचीही सोय राहिली नव्हती.

दुपारी अम्मा आली. तिला सगळं सांगितलं, घसरगुंडी, यांचा खांदा, घार. ती मान हलवत ऐकत होती. जायला निघाली तेव्हा मी पायांत वहाणा घातल्या. "मी येते तुमच्याबरोबर," म्हटलं. कॅम्प मी तोवर लांबूनच पाहिला होता. तिच्या बराकीत चार बाया पापड लाटत होत्या. त्यांनी सरकून जागा केली आणि माझ्या हातात लाटणं दिलं. माझा पहिला पापड बघून त्या इतक्या हसल्या की एकीच्या डोळ्यांत मिरीची पूड गेली. मी दुसऱ्या दिवशीही गेले. नंतर जात राहिले.

दसऱ्याच्या पुढे यांना कायम केल्याचा कागद आला. नदीकाठची ती खोली आमच्याकडे आणखी काही वर्षं राहिली. पुढच्या ज्येष्ठात पाणी आटलेलं असताना यांनी नरसाळं सोडवून वर चढवलं. खोकंही वर घेतलं. मी चौथऱ्यावर उभी राहून म्हणत होते, "अजून वर घ्या. अजून थोडं."

"पुरे की आता," हे वैतागून म्हणाले. "त्यांना उडून यायचंय, विमानाने नाही."

"हातभर तरी घ्या," मी म्हटलं.

त्यांनी हातभर घेतलं. संध्याकाळी डोक्यावरून नदीकडे जाणारी शीळ ऐकू आली तेव्हा मी कॅम्पात होते, हातात लाटणं होतं. ते तसंच टाकून मी निघाले.